ऑक्टोबरचा माणूस

आमच्या अंगणातली द्राक्षाची वेल तोडायला आलेल्या माणसानेच ती वाचवली, ही गोष्ट मी आतापर्यंत निदान चाळीस जणांना सांगितली असेल. विजय, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की दर वेळी मी तिच्यात काहीतरी भर घालते. म्हणू दे. तो दिवसभर गॅसच्या प्लँटवर असतो आणि जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. संपत भोयेबद्दल वाढवून सांगायची गरजच पडत नाही.

आम्ही दोह्यात अल अझीझियाला राहतो. एका मोठ्या व्हिलाचा मागचा भाग आमचा, पुढचा घरमालकीणबाईंचा. अमिनाबाई कतारी, सत्तरीच्या, विधवा. मुलं आपापल्या घरी. मधलं अंगण आम्हा दोघींचं. त्या अंगणाच्या भिंतीवर ही वेल, अमिनाबाईंच्या नवऱ्याने कुठूनशी काडी आणून लावलेली. बारा वर्षांत तिला एकदाही घड धरला नव्हता. नुसता पाला. अमिनाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या कोवळी पानं खुडून त्यांत मसाल्याचा भात भरायच्या, त्याला वरक इनब म्हणतात, आणि ईदला आमच्याकडे ताटभर पाठवायच्या. मी मात्र वेलीकडे बघून नाक मुरडायचे. मी इथल्या मराठी बायकांच्या बागकामाच्या ग्रुपची ॲडमिन आहे. कुंडीत काय कसं लावावं यावर लोकांना सल्ले देते. माझी स्वतःची कोथिंबीर दर मे महिन्यात जळून जाते, हे ग्रुपवर कोणी विचारत नाही.

२०२२च्या सप्टेंबरात, वर्ल्ड कपच्या आधी, सगळं दोहा रंगवायला काढलं होतं. अमिनाबाईंनीही व्हिला रंगवायचं ठरवलं. एका सकाळी कंपनीची बस आली, त्यातून सहा माणसं आणि लोखंडी पाइपांची चळत उतरली. फोरमनने भिंत बघितली आणि एकाला हुकूम सोडला, "ये बेल काट दो, यल्ला, जल्दी."

ज्याला सांगितलं तो काळासावळा, काटक, चाळिशीचा माणूस. तो वेलीजवळ गेला. खोडावर हात ठेवला. मग परत येऊन म्हणाला, "नहीं काटेगा. पाइप आगे से लगाएगा."

फोरमन तापला. तो काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. हा माणूस ऐकून घेत उभा राहिला आणि मग त्याने मुकाट्याने पाइप उभे करायला सुरुवात केली, भिंतीपासून हातभर पुढे. वेल भिंतीवरून अलगद सोडवली, सुतळीने पाइपांना बांधली, मागून रंगाऱ्याला वाट करून दिली. दोन तासांचं काम त्याने दिवसभर केलं आणि जेवणाची सुट्टी त्यात घालवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. शेवटी राहवलं नाही, चहा घेऊन गेले आणि हिंदीत विचारलं की इतकं काय आहे त्या वेलीत, तिला तर फळही येत नाही.

माझं हिंदी ऐकून तो हसला. "ताई, तुमी पुन्याच्या का? फळ येत नाय कसं? तिला कुनी कापलंच नाय आजवर. कापल्याबिगर द्राक्ष येत नसतंय."

असा संपत आमच्या घरात आला.

तो नाशिक जिल्ह्यातला, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. इथे स्कॅफोल्डर. इमारतीला बाहेरून जो पाइपांचा सांगाडा लागतो तो उभा करणारा. अकरा वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या कँपमध्ये राहत होता, एका खोलीत सहा जण. त्याआधी गावाकडे तो छाटणीच्या टोळीत होता. पाऊस सरला, भात कापून झाला की पेठ-सुरगाण्याची माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसून दिंडोरीकडे द्राक्षबागांत उतरतात. नवरा कात्री चालवतो, बायको मागून काडीच्या डोळ्यांना, म्हणजे ज्यातून कोंब फुटतो त्या गाठींना, औषधाचं बोट लावत जाते. एक बाग उरकली की दुसरी. दीड महिन्यात टोळी परत घरी.

"मग द्राक्षं कधी खायची?" मी विचारलं.

"बाजारात घ्यायची," तो म्हणाला. "घड धरतो तवा आमी पाड्यावर असतो. मी कापलेल्या काडीला काय लागलं, ह्ये मी कदी बगितलंच नाय, ताई. चौदा वर्सं कापली."

हे तो अगदी सहज म्हणाला. मी चहाचा कप परत घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्याला सल्ला दिला नाही.

त्याने अमिनाबाईंकडे रदबदली करायला मलाच पुढे केलं. इथे घरच्या म्हाताऱ्या बाईला सगळे कामगार 'मामा' म्हणतात. संपतला ते पहिले काही दिवस फार जड गेलं, बाईमाणसाला मामा कसं म्हणायचं म्हणून. मी अमिनाबाईंना सांगितलं की हा शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी येईल, वेल छाटेल आणि द्राक्षं येतील. त्यांनी संपतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बारा साल में नहीं आया," त्या म्हणाल्या.

"आयेगा, मामा," संपत म्हणाला. छाती पुढे काढून म्हणाला. ते मला आवडलं आणि तिथेच आम्ही फसलो.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो दोन बस बदलून सकाळीच आला. कात्रीला हळदीचं बोट लावलं, वेलीपुढे नारळ फोडला आणि कामाला लागला. काय हात चालत होता! मी बागकामाचे शेकडो व्हिडिओ बघितलेत, पण असा हात बघितला नाही. काडी धरायची, डोळे मोजायचे, कट्. विचार करायला थांबणं नाही. दुपारपर्यंत भिंतीवर एक पान उरलं नव्हतं. काळी वाकडी खोडं तेवढी, जळल्यासारखी. अमिनाबाई बाहेर आल्या आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभ्या राहिल्या. "खलास? सब खलास?"

"इन्शाल्ला फेब्रुवारी में अंगूर," संपत म्हणाला.

फेब्रुवारी आला. वेल हिरवीगार झाली होती, पानं तळहाताएवढी. घड मात्र एकही नाही. संपत दर शुक्रवारी यायचा, एकेक फांदी उलटून बघायचा आणि परत जायचा. मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर मला स्वतःचा राग आला होता, कारण मी ग्रुपवर फोटो टाकून बसले होते आणि बायका रोज विचारत होत्या, "विभावरी, द्राक्षं कुठवर आली?" तो राग मी त्याच्यावर काढला. म्हटलं, "चौदा वर्षं काय केलंस रे मग? एवढी हमी कशाच्या जोरावर दिलीस?"

त्याने हातातली फांदी सोडली. मग म्हणाला, "ताई, येल वांझ नाय. मीच अर्धा हाये."

मला कळेना. तेव्हा त्याने अंगणातच खाली बसून घरी फोन लावला आणि बबीताला, त्याच्या बायकोला, माझ्यासमोर विचारलं. तो कतारला आल्यापासून ती टोळी सोडून एका बागेत बारमाही कामाला लागली होती. तिने अख्खं वर्ष वेल बघितली होती. फोन स्पीकरवर होता.

"एप्रिलची खरड केली व्हती का?" तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"नाय."

"मंग घड कुठून येनार? अवो, घड एप्रिलातच ठरतो. खरड छाटणी करायची, नव्या काड्या वाढवायच्या, उन्हाळ्याचं ऊन लागलं की त्या काडीच्या डोळ्यात घड बसतो. ऑक्टोबरात तो निसता बाहेर येतो. तुमी आपलं ऑक्टोबरात जायचं, कापायचं अन् निघायचं. तुमाला काय म्हाईत!"

मी हसले. संपतही हसला, पण कानशिलं लाल झाली होती. माणूस चौदा वर्षं ज्या कामात तरबेज, त्या कामाचा अर्धा भाग त्याला ठाऊकच नव्हता, कारण त्याला वेल वर्षातून एकच दिवस भेटायची. तिच्या बाकीच्या वर्षाची सोय दुसरं कोणीतरी करून ठेवायचं. ही चूक माझ्यासारखीने केली नसती. मी पुस्तक वाचून दोन्ही छाटण्या पाठ केल्या असत्या आणि दोन्ही चुकीच्या केल्या असत्या.

आता अमिनाबाईंना काय सांगायचं? त्यांच्या थोरल्या मुलाला त्या भिंतीपाशी गाडीसाठी शेड घालायची होती. त्याने आईच्या मागे टुमणं लावलं होतं, वेलीला फळ नाही, काढून टाक. मी जेव्हा सांगितलं की एप्रिलमध्ये पुन्हा सगळी कापायची आहे, तेव्हा त्या उठून वेलीपाशी जाऊन आल्या. नवऱ्याने लावलेली वेल होती ती. शेवटी त्यांनी संपतला समोर बसवलं आणि बोट वर करून सांगितलं, "ईद के बाद. मेरा वरक इनब के बाद. और आखरी बार. अंगूर नहीं, तो दीवार खाली."

संपतने मान डोलवली. या वेळी छाती पुढे नव्हती. मला तो या वेळी जास्त खात्रीचा वाटला.

ईद झाली आणि एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी खरड छाटणी झाली. त्या उन्हाळ्यात संपतने जे केलं त्याचा मला आजही इतका अभिमान वाटतो की जणू ते मीच केलं. इथला मे महिना म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दाराची मूठ धरली तर हात भाजतो. अशा उन्हात कोवळी फूट टिकणार कशी? आणि बबीता सांगत होती की ऊन तर लागलंच पाहिजे, सावलीत घड बसत नाही.

संपतने आपली स्कॅफोल्डरची विद्या काढली. कंपनीच्या भंगारातून परवानगीने जुने पाइप आणले आणि भिंतीसमोर उंच चौकट उभी केली. वरून खाली सुतळ्या ताणल्या, वीतभर अंतरावर एकेक, आणि प्रत्येक नवी काडी एकेका सुतळीवर सरळ उभी चढवली. अंथरलेली वेल आमच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. पश्चिमेच्या बाजूला तेवढं हिरवं शेडनेट, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल. सातव्या पानावर शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून जाड काडी निघते, हे बबीताने शिकवलं. दर शुक्रवारी फोन भिंतीसमोर धरून तो तिला काडीन् काडी दाखवायचा आणि ती तिकडून ओरडायची, "ती नको, ती कानी हाये, घड नाय धरायची, काढा ती!"

इथल्या नळाच्या पाण्याने कुंड्यांवर पांढरा थर धरतो, ते वेलीला नको, असं त्याचं मत. मग त्याने माझ्या आणि अमिनाबाईंच्या एसीच्या पाण्याच्या नळ्या जोडून एका पिंपात सोडल्या. ऑगस्टच्या दमट दिवसांत सात-सात एसी चालतात, पिंप रोज भरायचं. आठवडाभर ते पाणी वेलीला घालायचं काम माझ्याकडे. खतासाठी अमिनाबाईंच्या भाच्याच्या इज्ब्यावरून, म्हणजे वाळवंटातल्या शेळ्या-उंटांच्या वाड्यावरून, लेंड्यांची दोन पोती आली. लँड क्रूझरमधून लेंडीखत उतरताना बघून संपत म्हणाला, "आमच्या पाड्यावर सांगितलं तर कुनाला पटनार नाय." त्यात गूळ आणि बेसन कालवून तो दुसऱ्या पिंपात भिजवायचा. त्या वासाने विजय दोन महिने मागच्या दाराने यायचा बंद झाला.

एक चूक माझ्याकडूनही झाली. सप्टेंबरमध्ये मी पुण्याला जाणार होते. काडीचे डोळे एकदम आणि भराभर फुटावेत म्हणून द्राक्षबागांत एक रासायनिक औषध लावतात, हे मी एव्हाना वाचलं होतं. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "संपत, मी येताना ते औषध आणते. या वेळी धोका नको."

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "नको ताई." मी आग्रह केला. मला वाटलं, संकोच करतोय. तेव्हा त्याने बबीताचा एक फोटो दाखवला. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखंच नव्हती. कातडी गुळगुळीत, चकाकणारी. "हातमोजे मुकादम देत नव्हता. दिवसाला हजार-हजार डोळे. सा सीजन तिनं लावलं त्ये औषद. मी कापत पुढं जायचो अन् ती मागून. मी कदी मागं वळून बगितलं नाय." त्याने फोन खिशात ठेवला. "ह्या वेलीला त्ये लावायचं नाय. नाय आली तर नाय आली."

नाही आली तर भिंत रिकामी होणार होती. त्याला ते ठाऊक होतं. मी पुण्याहून रिकाम्या हाताने आले आणि मला माझी लाज वाटली, ती अजून वाटते.

औषधाच्या जागी लसूण, हे बबीतानेच कुणा सेंद्रियवाल्या बागायतदाराकडे बघितलं होतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपतने गोडी छाटणी केली, म्हणजे फळासाठीची, आणि मी तीन किलो लसूण मिक्सरमधून काढला. माझ्या डोळ्यांना धारा. तो चिंधीने एकेका डोळ्याला लसणाची पेस्ट लावत होता. बायकांचं काम पहिल्यांदा करतोय, असं म्हणाला. अमिनाबाईंनी खिडकीतून विचारलं की आज जेवायला किती माणसं येणार आहेत.

औषध लावलेल्या बागेत दहा-बारा दिवसांत फूट निघते. आमच्याकडे दहा दिवस झाले, बारा झाले, पंधरा झाले. काही नाही. अमिनाबाईंचा मुलगा येऊन टेपने भिंत मोजून गेला. मी रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीपाशी जायचे. एकोणिसाव्या दिवशी एका डोळ्यावर गुलाबी लव दिसली. दुसऱ्या दिवशी अकरा डोळ्यांवर. त्यानंतरच्या शुक्रवारी संपत आला, एका कोवळ्या फुटीची इवलीशी पानं बोटाने बाजूला केली आणि मला बोलावलं. आत हिरव्या मोहरीच्या दाण्यांचा झुबका होता. "घड," तो म्हणाला.

चौतीस घड मोजले. त्याने त्यांतले बारा कापून टाकले. मी चिडले, चांगली भांडले त्याच्याशी. "एवढं सोसून आलेले घड तू फेकतोस?" तर म्हणाला, "ताई, पयल्यांदाच व्यायलीय ती. जेवडं पेलंल तेवडंच ठेवायचं." बावीस ठेवले. जानेवारीत मणी बोराएवढे झाले तसे बुलबुल टपायला लागले. मी माझ्या जुन्या सुती ओढण्यांच्या पिशव्या शिवल्या आणि एकेका घडाला घातल्या. पिवळ्या, जांभळ्या, बांधणीच्या. भिंतीवर जत्रा भरल्यासारखी दिसत होती. अमिनाबाई संध्याकाळी खुर्ची टाकून समोर बसायच्या.

आणि मग फेब्रुवारीत कंपनीने त्याची सुट्टी मंजूर केली. दोन वर्षांनी घरी जायची सुट्टी. तिकीट चार मार्चचं.

मणी अजून आंबट होते. संपतने हिशेब केला. गोडी यायला मार्चचा मध्य उजाडणार. म्हणजे पुन्हा तेच. कापून निघून जायचं आणि घड दुसऱ्याने बघायचा. तो चौकटीचा एक पाइप धरून उभा होता. मला इतका संताप आला, कोणाचा ते कळेना. म्हटलं, "तारीख बदलून माग ना!"

"ताई, दोन वर्सांनी घरी चाललोय. बबीता वाट बगतीय. पोरीनं दारात रांगोळी काय काढायची त्ये आत्ताच ठरवलंय. तिला काय सांगू, द्राक्षासाठी थांबतो?"

ते बरोबर होतं. दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी इथे कोणी पुढे ढकलत नाही. आजारी माणूससुद्धा ढकलत नाही. जाता जाता त्याने बबीताला फोन लावला, वेल दाखवायला. एकेक पिशवी सोडून घड दाखवला. ती तोंड पडद्याजवळ आणून बघत होती. मग तिचा आवाज आला.

"गोड झालेत का?"

"नाय. अजून तीन आठवडं."

"अन् तुमी चार तारखेला येनार."

"व्हय."

"येऊ नका," बबीता म्हणाली. "कापल्याशिवाय येऊ नका. सा सीजन मी तुमच्या मागं डोळ्यांना औषद लावलं, त्या काड्यांचा एक घड आपुन दोघांनी बगितला नाय. तुमी बगून या. पोरीला मी सांगते."

संपतने फोन कानाला लावला, स्पीकर बंद केला आणि पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. मी घरात निघून आले. कांदा चिरायला घेतला, म्हणजे विजयने विचारलं तर सांगायला कारण झालं असतं.

कँपच्या ऑफिसात तिकिटांचं काम इलियास नावाचा केरळी माणूस बघतो. सुट्टी पुढे ढकलण्याच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. संपतने सांगितलं, "अंगूर." इलियासला वाटलं, थट्टा करतोय. मग संपतने फोनमधले फोटो दाखवले, एप्रिलपासूनचे, एकामागून एक. इलियासने सगळे बघितले. त्याने कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि तारीख सतरा मार्च केली. हे खोटं होतं असं मला वाटत नाही.

एक कबुली द्यायची आहे. या मधल्या दिवसांत मी गुपचूप एक मणी तोडून खाल्ला. आंबट होता. संपत पुढच्या शुक्रवारी आला आणि पिशवी सोडताच म्हणाला, "इथला एक गेला." मी बुलबुलाचं नाव घेतलं. "बुलबुलाला गाठ सोडता येती का?" तो म्हणाला. त्याने स्वतः मात्र एकही चाखला नव्हता. बोटाने दाबून बघायचा, उजेडात धरायचा, आणि परत पिशवी बांधायचा.

पंधरा मार्च, शुक्रवार. रमजान सुरू होऊन पाच दिवस झाले होते. संपत दुपारी आला, अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एकेक पिशवी त्याने सोडली. मणी काळेभोर, त्यांवर पांढरी लव. बावीसच्या बावीस. कात्रीला पुन्हा हळद लावली. पहिला घड कापताना त्याचा डावा हात खालून घडाला धरलेला होता, तान्ह्या पोराच्या डोक्याखाली धरावा तसा. उंच इमारतींच्या कडेला उभा राहून पाइप आवळणारा हात तो.

अमिनाबाईंनी अंगणात सतरंजी टाकून इफ्तारची मांडामांड केली होती. खजूर, ताकासारखं लबन, सूप, वरक इनब. मधोमध पितळी परातीत द्राक्षं. मुलगाही आला होता. तो परातीकडे बघत होता, भिंतीकडे बघत नव्हता. संपत संकोचून कडेला उभा, तर अमिनाबाईंनी त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. त्याने फोन परातीसमोर पेल्याला टेकवून ठेवला. पडद्यावर बबीता होती, तिच्या मांडीवर मुलगी, मुलीच्या खांद्यावर तिचा उजवा हात, मागे भिंतीवर रंगीत बल्ब.

मशिदीतून अजान झाली. अमिनाबाई पहाटेपासून पाण्याच्या थेंबाशिवाय होत्या, सत्तरीच्या वयात. त्यांनी खजुराकडे हात नेला नाही. घडातला एक मणी तोडला आणि संपतसमोर धरला. "पहले तू."

"नहीं मामा, आपका रोजा..."

"पहले तू," त्या म्हणाल्या. अंगणात सगळे थांबले होते. मुलगा हातात खजूर धरून थांबला होता.

संपतने मणी तोंडात घातला. चावला. बी होती, ती त्याने थुंकली नाही, तळहातावर काढून मुठीत धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"कसं हाये?" फोनमधून बबीताने विचारलं. तो मुठीतल्या बीकडे बघत होता. "अवो, सांगा की! कसं हाये?"

"आपलं हाये," संपत म्हणाला.

अमिनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "क्या बोला?"

मी जसंच्या तसं सांगितलं, "बोलता है, अपना है."

वेल त्यांच्या नवऱ्याची, भिंत त्यांची, घर त्यांचं. त्यांनी फोनच्या पडद्याकडे, बबीताच्या नखं नसलेल्या बोटांकडे बघितलं आणि मान डोलवली.

"हाँ," त्या म्हणाल्या. "इन दोनों का ही है." आणि मग त्यांनी खजूर उचलून रोजा सोडला.